बीटाला पडवीतच बसवा!

प्रत्येक घरात एक ‘कॉम्प्युटरवाला’ असतो. वाय-फाय गेलं की त्याला हाक, फोनची मेमरी भरली की त्याला हाक आणि प्रिंटर रुसला तरी दोष त्याचाच. ही जबाबदारी बहुतेक वेळा घरातल्या कॉलेजकुमाराकडे किंवा कुमारीकडे असते. त्यातल्या काहींनी हल्ली आणखी एक खातं स्वतःहून अंगावर घेतलंय. अडगळीतला जुना पीसी काढायचा, त्यात दोन हार्ड डिस्क बसवायच्या, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, बिलं, नोट्स एका जागी गोळा करायच्या. याला म्हणतात होम सर्व्हर. टेक्निकल भाषेत नॅस.

हा नाद चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. गुगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा देणं बंद केलं आणि सगळं १५ जीबीच्या हिशेबात बसवलं. तेव्हापासून ‘स्टोरेज फुल’चा मेसेज प्रत्येकाच्या ओळखीचा झालाय. दर महिन्याला पैसे भरण्यापेक्षा आपला डेटा आपल्या घरात ठेवावा, हा विचार शहाणपणाचाच. शिवाय त्या निमित्तानं नेटवर्किंग, लिनक्स, फाइल सिस्टिम या गोष्टी हाताला लागतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्या कधीच लागत नाहीत.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. सिनॉलॉजी असो, ट्रूनॅस असो, ओपनमीडियाव्हॉल्ट असो की अनरेड, कधीतरी स्क्रीनवर सूचना येतेच : नवी आवृत्ती, बीटा, वापरून बघा. आणि आपला हात शिवशिवतो. वर्गात, ग्रुपवर, दिवा-रोहा मेमूच्या डब्यात ‘मी तर कालच टाकलं’ हे सांगण्याची मजा काही औरच. माझं मत असं की बीटा जरूर टाका, पण घरचा डेटा असलेल्या मशीनवर कधीच नाही. कोकणातल्या घरात अनोळखी माणूस आला की त्याला पडवीत बसवतात. पाणी देतात, विचारपूस करतात, पण थेट माजघरात नेत नाहीत. बीटाची जागाही पडवीतच.

फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपचा बीटा फसला तर काय होतं? अ‍ॅप उडवायचं, पुन्हा टाकायचं. स्टोरेज सॉफ्टवेअरचं तसं नसतं, कारण इथे परतीचा रस्ता बऱ्याचदा बंद असतो. सिनॉलॉजीनं डिसेंबर २०२० मध्ये डीएसएम ७ चा बीटा काढला, तेव्हा एकदा टाकल्यावर जुन्या आवृत्तीवर परतता येणार नाही, हे बजावलं होतं. ट्रूनॅसमध्येही नवी आवृत्ती टाकल्यावर ‘पूल अपग्रेड करा’ असा पर्याय दिसतो. तो दाबला की डिस्कवरची रचनाच बदलते आणि मग जुनं सॉफ्टवेअर त्या डिस्क उघडायलाही नकार देऊ शकतं. म्हणजे चुकून दाबलेलं एक बटण आणि ‘आधी होतं तेच बरं होतं’ म्हणायची सोय संपली.

बरं, पक्की आवृत्ती म्हणजे शंभर टक्के भरवसा, असंही नाही. ट्रूनॅसचं आधीचं नाव फ्रीनॅस. मार्च २०१७ मध्ये आयएक्स-सिस्टिम्स कंपनीनं ‘फ्रीनॅस कोरल’ ही नवीकोरी आवृत्ती बाहेर आणली. तीही बीटा म्हणून नाही, पक्की म्हणून. पुढच्याच महिन्यात कंपनीनं स्वतःच तिला खाली उतरवून ‘टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू’चा दर्जा दिला. घाईनं कोरलवर गेलेल्या लोकांना पुन्हा जुन्या ९.१० चा रस्ता धरावा लागला. पक्क्या म्हणवणाऱ्याची ही कथा, तर ज्याच्या कपाळावर ‘अजून कच्चा आहे’ असं लिहिलंय त्याचं काय?

त्याहून धडकी भरवणारी गोष्ट २०२३ ची. ट्रूनॅसच्या पोटात ओपनझेडएफएस नावाची फाइल सिस्टिम असते. डेटा जपण्यात तिची ख्याती मोठी. त्या वर्षी २.२.० ही आवृत्ती आल्यावर नोव्हेंबरमध्ये लक्षात आलं की कधीकधी कॉपी केलेल्या फाइलच्या काही भागात नुसती शून्यं भरलेली असतात. फाइलचं नाव बरोबर, साइज बरोबर, एरर नाही, आत मात्र खड्डा! आधी संशय ‘ब्लॉक क्लोनिंग’ या नव्या सुविधेवर गेला. ती बंद केली, तरी खोट दिसतच राहिली. शेवटी कळलं की मूळ चूक कित्येक वर्षं जुनी होती. नव्या बदलांमुळे तिला डोकं वर काढायची संधी जास्त मिळू लागली, एवढंच. महिनाअखेरीस २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. स्टोरेजमधली चूक आरडाओरडा करत नाही. मशीन चालू असतं, हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि ताईच्या लग्नाचा अल्बम आतून पोखरलेला असतो. तो उघडायची वेळ येते चार वर्षांनी. तोवर जुन्या फोनमधले मूळ फोटो कधीच डिलीट झालेले असतात.

आणि तो डेटा एकट्या तुमचा असतो कुठे? पेणच्या किंवा हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या एखाद्या घराचा विचार करा. गणपतीचा कारखाना असेल तर त्या डिस्कवर गेल्या कित्येक वर्षांच्या मूर्तींचे फोटो असतात. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता साचा, कोणता रंग, किती इंची, सगळं त्यात. हे फोटो म्हणजे वडिलांचा कॅटलॉग आणि हिशेबाची वही दोन्ही. त्याच डिस्कवर आईच्या बचत गटाचे तक्ते आणि आजोबांच्या सातबाऱ्याचे स्कॅन. घरातल्या कुणालाही न विचारता त्यावर बीटा टाकणं याला धाडस म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या वस्तूशी खेळणं म्हणतात.

गंमत म्हणजे आपल्या दोन्ही गावांना ही शिस्त शिकवायची गरजच नाही. पेणमध्ये नवा साचा तयार झाला की त्यातून निघालेली पहिली मूर्ती थेट गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. सोंडेच्या वळणात बुडबुडा राहिलाय का, बोटं नीट सुटली का, हे आधी निरखून बघतात. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत. रसायन उद्योगात नवी प्रक्रिया आधी लॅबमध्ये, मग छोट्या पायलट प्लांटवर आणि सगळं ठीक दिसलं तरच मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेतात. एका गावाला साच्याची सवय, दुसऱ्याला पायलट प्लांटची. घरातल्या सर्व्हरसाठी तेवढाच धीर धरायचा आहे.

आता कुणी म्हणेल, ‘मग आपण बीटाच्या वाटेला जायचंच कशाला? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. लोकांना ठेचा लागू देत, आपण सहा महिन्यांनी बघू.’ हे मला अजिबात पटत नाही. कारण तो पुढचा माणूस बहुतेक वेळा आपल्यासारख्या परिस्थितीत नसतो. त्याच्याकडे लाइट जात नाही आणि त्याच्या फाइल्सची नावं मराठीत नसतात.

आधी लाइटचं बघू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा जिल्ह्याच्या मोठ्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. ते टोकाचं उदाहरण झालं. पण पावसाळ्यात दुपारी तीनदा लाइट जाणं आणि पाच मिनिटांत दोनदा येणं हे आपल्याला नवीन नाही. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, परत आली, मशीन चालू होताहोता पुन्हा गेली, तर नवी आवृत्ती काय करते? या प्रश्नाचं उत्तर आपल्याइतक्या सहज कोण देऊ शकेल?

दुसरी गोष्ट मराठीची. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘श्री’ दिसायला एक अक्षर, पण आत चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. हिशेब केला तर नावात फार तर ८५ चिन्हं बसतात. विंडोजमध्ये ही मर्यादा वेगळ्या पद्धतीनं मोजली जाते, त्यामुळे लॅपटॉपवर सुखानं नांदणारी लांबलचक मराठी नावाची फाइल सर्व्हरवर कॉपी होताना अडू शकते. ओपनझेडएफएसच्या जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीत १०२३ बाइटपर्यंतच्या नावांची सोय झाली. ही सोय खरी कामाची कुणाला? आपल्यालाच की!

आणखी एक नमुना बघा. ‘दुसऱ्या वर्षाच्या नोट्स’ असं नाव द्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, कॉम्प्युटरला वेगळी. अ‍ॅपलची जुनी फाइल सिस्टिम नावं अशी सुटी करूनच ठेवायची. मग सर्व्हरवर एकाच नावाची दोन फोल्डर दिसतात किंवा समोर दिसणारी फाइल सर्चमध्ये सापडत नाही. परदेशातल्या टेस्टरला हे सुचणारही नाही, कारण त्याच्या भाषेत ‘दुसऱ्या’ हा शब्दच नाही. आपण तपासलं नाही तर ते कुणीच तपासणार नाही. म्हणून बीटा आपल्याला लागतो आणि बीटालाही आपण लागतो.

मग पडवी बांधायची कशी? खर्च जवळजवळ शून्य. लॅपटॉपमध्ये रॅम पुरेशी असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीन बनवा, त्याला तीन-चार छोट्या व्हर्च्युअल डिस्क जोडा आणि आधी सध्याची पक्की आवृत्ती टाका. त्यात खऱ्या फाइल्सच्या कॉपी भरा. मूळ फाइल्स जिथे आहेत तिथेच राहू द्या. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा. चेकसम म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला तिचा अंगठ्याचा ठसा. मग बीटा चढवा आणि छळ सुरू करा. कॉपी चालू असताना मशीनची पॉवर तोडा. एक डिस्क काढून घ्या. मराठी नावांची फोल्डर्स इकडून तिकडे हलवा. शेवटी ठसे पुन्हा जुळवून बघा. नाव आणि साइज जुळली म्हणून खूश होऊ नका, २०२३ ची गोष्ट आठवा.

एक प्रश्न हमखास येतो, ‘खऱ्या वापराशिवाय खरे बग कसे सापडणार?’ रास्त आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये खऱ्या डिस्कची घरघर नसते, उन्हाळ्यातली गरमी नसते. तेव्हा पुढची पायरी म्हणून दुसरा जुना पीसी घ्या, त्यात टाकाऊ डिस्क लावा. पण त्याआधी घरच्या डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा नियम पाळलाय का ते बघा. कुंडलिकेचं पाणी चढलं की मूळ डिस्क आणि तिच्याच शेजारी ठेवलेला बॅकअप दोन्ही एकदमच भिजतात. मामाच्या घरी ठेवलेली एक हार्ड डिस्क तेव्हा लाखाची ठरते. एका सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. आणि बॅकअपमधून चार फाइल्स परत आणून उघडून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणूच नका.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : ठेच लागली तर सांगा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फोल्डरमधल्या फाइल्सच गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. नंतर उघड झालं की चाचणी करणाऱ्या काहींनी हा प्रकार आधीच कळवला होता. पण त्या तक्रारींना फारशी मतं मिळाली नव्हती, त्यामुळे त्या ढिगाऱ्यात दबून गेल्या. पुढे कंपनीनं तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय केली. म्हणजे बग सापडणं हे अर्धंच काम. ‘चालत नाही यार’ एवढं लिहून कुणी काही दुरुस्त करत नाही. कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पुन्हा केल्यावरही तसंच होतं का, या पाच गोष्टी साध्या इंग्रजीत लिहा. लॉग जोडताना त्यातली घरच्यांची नावं काढा. दुसऱ्या कुणी तोच बग नोंदवला असेल तर नवा न उघडता त्यात आपला अनुभव जोडा.

असा एक नीट लिहिलेला बग रिपोर्ट कोणत्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा जास्त शिकवतो. इंटर्नशिपच्या मुलाखतीत दाखवायला तो पुराव्यासह तयार असतो. आणि पेणमध्ये बसून नोंदवलेली ‘ऱ’ची तक्रार दुरुस्त झाली, तर नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांतल्या फोल्डर्सचं भलं होतं.

सर्वात आधी बीटा टाकणारा कुणाच्या लक्षात राहत नाही. घरातल्या एकाचाही फोटो न गमावता जगाला चूक दाखवून देणारा मात्र खरा टेस्टर. या शनिवारी-रविवारी हौस भागवायची असेल तर जरूर भागवा. फक्त त्याआधी वडिलांना एक प्रश्न विचारा, ‘कारखान्याच्या फोटोंची दुसरी कॉपी कुठे आहे?’ उत्तर ‘तुलाच माहीत असेल ना’ असं आलं, तर बीटा राहू द्या. आधी ती कॉपी करा.