पाण्याची हद्द आणि हद्दीतला हिशेब

मार्च उजाडला की जामसंड्याच्या रस्त्यावरून हापूसच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या नांदगाव तिठ्याच्या दिशेने धावू लागतात. या मालाचा हिशेब ठेवायचा तर एक मार्ग असा, की प्रत्येक पेटीमागोमाग वाशीच्या बाजारापर्यंत आणि तेथून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जावे. दुसरा असा, की तिठ्यावर खुर्ची टाकून बसावे आणि जी पेटी पुढून जाईल तिची नोंद वहीत करावी. कोणताही शहाणा कारकून दुसराच मार्ग पत्करील. सृष्टीचे मूलभूत नियम मात्र पहिल्या रीतीने लिहिलेले आहेत. वस्तुमान अक्षय राहते किंवा बलामुळे संवेग बदलतो असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्याच त्या कणांच्या समूहाविषयी, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘प्रणाली’विषयी, बोलत असतो, आणि वाहत्या पाण्यातले तेच ते कण डोळ्यांसमोर धरून ठेवणे कोणालाच साधलेले नाही.

ही अडचण दूर करणारे सूत्र मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी ते 1903 च्या आपल्या ग्रंथात मांडले. अवकाशात एक काल्पनिक हद्द आखा, तिला ‘नियंत्रण-आकारमान’ म्हणा. मग प्रणालीतील एखाद्या राशीत होणारा बदल म्हणजे हद्दीच्या आतील शिलकेत होणारा बदल आणि हद्द ओलांडून जाणारी निव्वळ जावक यांची बेरीज. हद्द स्वतःच चालती असेल, जशी खाडीतून जाणाऱ्या होडीची, तर पाण्याचा वेग त्या हद्दीच्या सापेक्ष मोजावा, एवढीच काय ती पुरवणी. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्यास यात नवल वाटणार नाही.

परंतु या साध्या जमाखर्चाची ताकद केवढी आहे, हे कलमांवर फवारणी करणाऱ्या गड्याच्या हाताला विचारावे. नळीतून संथ आलेले पाणी गनच्या अरुंद तोंडातून सुसाट निघते, तेव्हा मनगटाला मागे रेटणारा जो धक्का बसतो, तो गनच्या पोटात पाणी कसे घुसळते याची काडीचीही माहिती नसताना केवळ आत येणारा आणि बाहेर जाणारा संवेग व दोन्ही तोंडांवरचा दाब मोजून सांगता येतो. देवगडच्या पवनचक्क्यांचेही तसेच. पात्यांचा आकार काहीही असो, वाऱ्याच्या शक्तीपैकी 59.3 टक्क्यांहून अधिक त्यांच्या हाती लागणार नाही, हा निष्कर्ष आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 साली पात्यांकडे न पाहता, वाऱ्याच्या झोताभोवती हद्द आखून काढला.

हे सारे ज्या तक्रारीसाठी सांगितले, तिच्याकडे आता येतो: पाण्याचा असा हद्दीवरचा हिशेब आपल्याकडे कोणी ठेवत नाही. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांत पाण्याची ओरड होते. यावर आपली चर्चा मात्र सदैव पहिल्या रीतीची, थेंबामागे धावणारी. ‘‘पाणी गेला दर्यात, आता कसलो हिशोब?’’ हे उत्तर बागायतदाराच्या तोंडी शोभेल, कारभाऱ्यांच्या तोंडी नव्हे. दर्यात गेलेल्या पाण्याशी आपल्याला कर्तव्य नाही. जांभ्याच्या सड्यात किती मुरले, व्हाळाच्या तोंडातून किती निसटले आणि विहिरींत शिल्लक काय राहिली, हे तीन आकडे दप्तरी हवेत. जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेले अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरसाल ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवते. गरिबाने पैसा मोजावा आणि सावकाराने मोजू नये, हा न्याय आम्हाला मान्य नाही. विशेषतः सावकार दर वैशाखात उसनवारीला निघत असेल तर.

मात्र हद्द कोठे आखायची, यातच सारी मख्खी आहे. आपल्याकडे हद्द म्हटली की महसुली नकाशा पुढे येतो. पण पाण्याला सातबारा ठाऊक नाही. देवगड-जामसंडे शहराच्या नळाला दहिबावला अन्नपूर्णा नदीतून उचललेले पाणी येते. तेव्हा नगरपंचायतीच्या हद्दीत बसून कितीही काटेकोर नोंद केली, तरी नदी आटत चालल्याची वर्दी नळ कोरडा पडेपर्यंत मिळायची नाही. हिशेबाची हद्द पाणलोटाच्या माथ्यावरून जायला हवी, मग त्यात दोन-चार ग्रामपंचायती एका वहीत आल्या तरी बेहत्तर. (त्या एकत्र बसतील काय, हा द्रवगतिशास्त्राच्या बाहेरचा प्रश्न आहे.)

खर्चही फारसा नाही. पाऊस सरल्यावर आपल्याकडे श्रमदानाने कच्चे आणि वनराई बंधारे घातले जातात, किती घातले याचे आकडे वरिष्ठांकडे जातात, फोटोही जातात. त्याच दिवशी प्रत्येक बंधाऱ्याशी रंगाने खुणा केलेली एक काठी रोवावी आणि दर सोमवारी शाळेच्या पोरांनी तिच्यावरचे पाणी वाचून वहीत उतरवावे. आमच्या घराखालच्या व्हाळात आम्ही अशी काठी रोवली होती. जानेवारीअखेर पाणी चौथ्या खुणेवर होते, होळीला पहिल्या खुणेवर आले, आणि त्यानंतर एका रात्री कोणीतरी शिरडांसाठी बंधाऱ्याची दोन पोती काढून नेली. तेवढ्या एका जावकेची नोंद आमच्या वहीत तारखेनिशी आहे.