हिरण्यगर्भ, महास्फोट आणि 'क'

पिंपळनेरच्या आसपास हरिनाम सप्ताहाचे कीर्तन ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसणारा विद्यार्थी विरळा नाही. पांझरेकाठच्या गावांतून, पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून तो येतो आणि रात्री ऐकलेले मनात घोळवीत येतो. अशाच एकाने एकदा तास संपल्यावर आम्हांला गाठले. कीर्तनकार बुवांनी सांगितले होते, की विश्व महास्फोटातून झाले हे शास्त्रज्ञांना आत्ता कळले, आमच्या ऋषींनी ते 'हिरण्यगर्भ' म्हणून केव्हाच सांगून ठेवले आहे. "सर, हे खरे का?"

विज्ञान शाखेतल्या आमच्या एका सहकाऱ्यांना हा प्रश्न सांगितला, तेव्हा ते नुसते हसले. ते हसणे आम्हांला रुचले नाही. आम्ही माळकरी घरांतून आलेलो आहोत, कीर्तन हे आमचे पहिले विद्यापीठ होते. परंतु बुवांचे विधानही गळी उतरेना. का उतरेना, ते इथे मांडून पाहतो.

आधी हिशेबाचे पाहू, कारण बुवांच्या बोलण्यात हिशेबही होता. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय विज्ञान सुमारे 454 कोटी वर्षे सांगते. आकडे जवळ आले, टाळ्या पडल्या. पण ज्या पंचांगाच्या आधारे कल्प मोजला, तेच पंचांग सांगते की चालू कल्पाची आतापर्यंत सुमारे 197 कोटी वर्षेच सरली आहेत. सत्यनारायणाच्या पूजेतला संकल्प ज्याने कान देऊन ऐकला आहे, त्याला सहा मन्वंतरे आणि अठ्ठाविसावे कलियुग ठाऊक असते. मग अख्ख्या दिवसाची लांबी पृथ्वीच्या सरलेल्या वयाशी जुळवायची कशी? विश्वाचे वय तर सुमारे 1380 कोटी वर्षे निघते, त्याच्याशी यातले काहीच जुळत नाही. गीतेच्या आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाचा हजार युगांचा दिवस येतो, तो मुळी कालगणनेसाठी येतच नाही. ब्रह्मलोकापर्यंतचे सारे लोक पुन्हा फिरणारे आहेत, हे मनावर ठसवण्यासाठी येतो. ज्ञानदेवांनी त्यावर ओव्या रचल्या त्या श्रोत्याच्या मनात वैराग्य उपजावे म्हणून. त्या आकड्याला भूगर्भशास्त्राचे प्रमाणपत्र जोडले की त्याचे सगळे काम संपले.

आता महास्फोटाचे. ही कल्पना 1927 आणि 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धान्ताला बायबलातल्या प्रकाशनिर्मितीची साक्ष ठरवले. आमच्या बुवांसारखेच ते झाले. खुद्द लमेत्र मात्र त्यामुळे अस्वस्थ झाले. सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, श्रद्धावंत आणि नास्तिक दोघांनाही तो सारखाच मोकळा राहिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सिद्धान्त उद्या ढासळला तर देवही ढासळावा काय, ही त्यामागची चिंता, असे आम्ही समजतो.

याच वादाच्या दुसऱ्या टोकाला एक मराठी माणूस उभा होता. जयंत नारळीकर. कोल्हापुरात 1938 साली जन्म, वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या व्यासंगी. केंब्रिजला त्यांचे गुरू फ्रेड हॉइल, ज्यांनी 1948 मध्ये स्थिर स्थिती विश्वाची कल्पना मांडणाऱ्यांत पुढाकार घेतला आणि 1949 मध्ये बीबीसीवर बोलताना 'बिग बँग' हा शब्द चलनात आणला. 1964 मध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त जाहीर झाला. 1965 मध्ये विश्वाच्या पार्श्वभूमीवरील सूक्ष्मलहरी प्रारणांचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. 1993 मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीचे प्रारूप मांडले. त्यातल्या विश्वाला आरंभ नाही, ते आलटून पालटून फुगते आणि आक्रसते. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, तोवर त्यांनी महास्फोटाबद्दलच्या आपल्या शंका सोडल्या नव्हत्या.

आता गंमत पाहावी. अनादि, अनंत, प्रसरण पावणारे आणि पुन्हा मिटणारे विश्व! कल्प आणि प्रलय यांचे याहून जवळचे चित्र कोणते? म्हणजे लमेत्र जिंकले तर हिरण्यगर्भ खरा, नारळीकर जिंकले तर कल्पचक्र खरे. कोणीही जिंको, ऋषी आधीच जिंकलेले. जे विधान दोन परस्परविरोधी सिद्धान्तांपैकी कुठल्याही एकाबरोबर सुखाने नांदते, ते विश्वाबद्दल काही सांगत असते असे म्हणता येत नाही. नारळीकरांनी आपले प्रारूप पुराणांच्या आधाराने मांडले नाही. समीकरणे आणि निरीक्षणे यांवर त्यांनी ते तोलले, आणि हरण्याची तयारी ठेवून तोलले. (फलज्योतिषाची चाचणी घेण्यासाठी 2008 मध्ये त्यांनी ज्योतिषांपुढे कुंडल्या ठेवल्या, तीही याच वृत्तीने. मराठीच्या विद्यार्थ्याला त्यांच्या विज्ञानकथा माहीत असतात, हे माहीत नसते.)

पण आम्ही भौतिकशास्त्राचे शिक्षक नव्हेत. आमची तक्रार साहित्याच्या बाजूने आहे.

हिरण्यगर्भ सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले एकशे एकविसावे. सोन्याचा गर्भ आरंभी प्रकटला, हे बुवांनी सांगितले ते खरेच. पण त्यांनी सांगितले नाही ते असे, की दहांपैकी नऊ ऋचा एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: आम्ही हवी अर्पावा तो कोणत्या देवाला? ऋषी पर्वत पाहतो, समुद्र पाहतो, आणि प्रत्येक वेळी पुन्हा विचारतो, कोणत्या? दहाव्या ऋचेत प्रजापतीचे नाव येते आणि प्रश्न मिटतो. ती ऋचा मागाहून जोडली गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे ब्राह्मणग्रंथांत तर एक नवलाची कथा आली. इंद्राने प्रजापतीचे मोठेपण मागितले, तेव्हा प्रजापती म्हणाला, मग मी कोण? इंद्र म्हणाला, तू म्हणालास तोच. 'कोण' हेच नाव झाले. प्रश्नार्थक सर्वनामाचा देव झाला, 'क' नावाचा, आणि भाष्यकारांना सूक्तातला प्रश्न उत्तर म्हणून वाचण्याची सोय झाली.

ही कथा आम्हांला आवडते. तिच्यात एक खोडकर शहाणपण आहे. पण याज्ञिकांनी तिचा जो उपयोग केला, तोच आज कीर्तनाच्या व्यासपीठावरून चालला आहे. तेव्हा प्रश्न मिटवायला प्रजापती होता, आता महास्फोट आहे. नासदीय सूक्ताचे तेच. 1988 मध्ये दूरदर्शनवर 'भारत एक खोज' सुरू झाले, त्याच्या आरंभी या सूक्तांचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद गायला जाई, आणि घरोघरी लोक गप्प होऊन ऐकत. नासदीयाच्या सातव्या ऋचेत ऋषी म्हणतो की परम आकाशातून हे सारे पाहणारा जो आहे, त्याला सृष्टीचे मूळ ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. यज्ञधर्माच्या ऐन मध्यात उभे राहून कोणी इतके बोलू शकले, याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते. या सूक्ताला 'क्वांटम निर्वाताचे वर्णन' म्हणणारे लेख विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांत सातवी ऋचा सहसा नसते.

यावर कोणी म्हणेल, चार माणसे विज्ञानाचे नाव तरी ऐकतात, बिघडले काय? बिघडते ते श्रद्धेचे. वेद खरे का, तर युरोपातल्या दुर्बिणीने मान डोलावली म्हणून खरे, ही विठोबाच्या दारी उभ्या राहणाऱ्याची भाषा नव्हे. तुकोबांनी आपल्या अनुभवाला कुणाची साक्ष काढली असती, असे आम्हांला वाटत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले, की बुवांना खोटे म्हणू नकोस, सूक्त मुळातून वाच. ग्रंथालयातले भाषांतर त्याने नेले. पंधरा दिवसांनी आला तो एका नव्या अडचणीसह: प्रजापतीलाच 'मी कोण' हे विचारावे लागत असेल, तर आपण हात जोडतो ते कोणाला? आमच्यापैकी एकाने सायणभाष्य पाहायला सांगितले, दुसऱ्याने 'अमृतानुभव'. उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि तसे आम्ही त्याला सांगितलेही. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. ग्रंथपालांचे दोन निरोप येऊन गेले.