ते दाणे काढायची गरज नाही



‘गुप्तांगावरचे दाणे लग्नाआधी लेझरने काढून घ्यावेत’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला चुकीचा आहे. शिश्नमण्याच्या कडेने ओळीने दिसणारे एक-दोन मिलिमीटरचे, एकसारखे, गुळगुळीत दाणे अनेक निरोगी पुरुषांना असतात. ते कोणाकडून लागत नाहीत, कोणाला लागत नाहीत. वयानुसार बहुधा पुसट होतात. कातडीखालचे पिवळसर ठिपके म्हणजे निव्वळ तैलग्रंथी; फोर्डाइस या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांची नोंद केली. दोन्हींना औषध लागत नाही. लेझरने दाणे जातात, पण तो केवळ दिसण्यासाठीचा खर्च, शिवाय वेदना आणि व्रणाची शक्यता. चामखिळीचे जाळणारे औषध तिथे स्वतःच लावणे तर फारच धोक्याचे.

अंधेरीला लोकल पकडणाऱ्या प्रत्येकाने डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती पाहिल्या आहेत. १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातींना बंदी असूनही त्या दिसतात, आणि घरी विचारायची चोरी असलेली मुलं तिथेच फसतात. मला याचा मनस्वी संताप येतो.

दाणे नव्याने आले, खडबडीत असले, वाढत गेले, जखम वा स्राव असला तर मात्र तपासणी हवीच. त्यासाठी जवळच पालिकेचे कूपर रुग्णालय आहे. तरुणांनो, लाजू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, पैसे नंतर मोजा.

— एक वाचक, अंधेरी (पूर्व)