सरळ गल्ल्यांचे शहर



1818 मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनी सरकारकडे गेला. पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जने पांझरेकाठच्या धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि बाहेरून व्यापारी-कारागीर बोलावून जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभारली. उजाड मुलखात बाजार भरावा, कचेरी चालावी, हा हेतू. आजही आम्ही पत्ता सांगतो तो गल्ली नंबरनेच. आखणी चांगली होती, हे मान्यच. पण आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुकानदार होता, कारकून होता. डोक्यावर टोपली घेऊन येणारी बाई नव्हती.

दोनशे वर्षांनंतर तरी कुठे आहे? आग्रा रोडवर भाजी विकणाऱ्या एका मावशींपुढे मी पाण्याची बाटली धरली. "सकायपाईन पानीच नही पेस मी, ताई," म्हणाल्या. कारण विचारावे लागले नाही. पहिल्या एसटीने यायचे, संध्याकाळपर्यंत लघवी रोखून बसायचे, मग दुखणी अंगावर काढायची. बैठकीत हा विषय निघाला की बाया आधी हसतात, मग सगळ्याच एकदम बोलू लागतात.

धुळ्यात 2003 मध्ये महानगरपालिका आली. 2011 पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. विकास आराखड्यावर हरकत घ्यायची सोय तर 1966 च्या नगररचना कायद्यातच आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत आम्ही शहराचा नकाशा जमिनीवर पसरणार आहोत, आणि बाजारात बाया जिथे जिथे बसतात तिथे टिकल्या चिकटवणार आहोत. जळगावच्या मैत्रिणींनी आपलाही नकाशा घेऊन यावे. टिकल्यांची पाकिटे आम्ही आणू.