माहेर म्हणजे गोडाऊन नव्हे

आमच्या जरगनगरच्या घरात सहा खोल्या आहेत. गेल्या वर्षी मी त्या घरात 7 दिवस राहिले आणि माझा भाऊ 4 दिवस. दोघांचे मिळून 11 दिवस. उरलेलं अख्खं वर्ष तिथे दोनच माणसं असतात आणि ती दोन खोल्या वापरतात. बाकीच्या चार खोल्या आई नुसती झाडते.

दोन वर्षांपूर्वी जेवताना पप्पांनी विषय काढला होता, "हे विकून तळमजल्यावर एखादा लहानसा फ्लॅट बघितला तर?" तेव्हा सगळ्यांत मोठ्याने 'नाही' कोण म्हणालं? मी. "म्हणजे माझं माहेरच विकणार तुम्ही?" असं म्हणाले आणि डोळ्यांत पाणीही आणलं. दादाने बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर माझी री ओढली, "पप्पा, वडिलोपार्जित घर कोण विकतं का?" पप्पा गप्प झाले. आईने ताटं उचलली. विषय संपला.

हा लेख त्या दिवशीच्या माझ्या विरोधात आहे. आणि तुम्ही पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात बसून आई-वडिलांच्या घराबद्दल असंच काही बोलला असाल, तर तुमच्याही विरोधात आहे.

सुरुवात दादाच्या शब्दापासून करू. वडिलोपार्जित! आमचे आजोबा कागल तालुक्यातले. त्यांचं घर गावात आहे आणि त्यात चुलते राहतात. जरगनगरचा दोन गुंठ्यांचा प्लॉट पप्पांनी 1992 साली पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते सुपरवायझर होते. खालच्या खोल्या दोन वर्षांनी झाल्या. वरचा मजला दादा दहावीत गेल्यावर चढला, त्याला अभ्यासाला वेगळी खोली हवी म्हणून. त्या घराच्या एकाही विटेला आजोबांचा पैसा लागलेला नाही, आणि आमचा तर नाहीच नाही. कायद्याच्या भाषेत ही स्वकष्टार्जित मिळकत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याला जन्मानेच हिस्सा असतो. 2005 च्या दुरुस्तीने तो मुलींनाही मिळाला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंकाही काढून टाकली. स्वकष्टार्जित घरावर मात्र आई-वडील हयात असेपर्यंत मुलाचाही हक्क नाही आणि मुलीचाही नाही. म्हणजे त्या रात्री आम्ही दोघांनी जो नकाराधिकार वापरला, तो आमच्याकडे नव्हताच. तो आम्ही भावनेच्या जोरावर लाटला.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. पप्पांची पेन्शन ईपीएस-95 मधली आहे. या योजनेत किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे. पप्पांना महिन्याला 2,840 रुपये मिळतात. एजंट ज्या घराची किंमत एक कोटीच्या आसपास सांगतो, त्या घराचा मालक गॅस सिलिंडर आणि लाइट बिल भरलं की मोकळा होतो. घरफाळा, पाणीपट्टी, दर दोन-तीन पावसाळ्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सुटलेला गिलावा, गंजलेलं गेट, हे सगळं आम्ही पाठवतो त्या पैशांतून होतं. आम्ही पाठवतो, याचा आम्हाला अभिमान होता. पप्पा ते पैसे घेताना दर महिन्याला फोनवर हवापाण्याच्या गप्पा का मारतात, हे मात्र आम्हाला कधी कळलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून दुसऱ्यांचे पगार वेळेवर व्हावेत म्हणून मालकाशी भांडणं केली, त्याला सत्तराव्या वर्षी मुलीकडून रंगाचे पैसे घ्यावे लागतात. का, तर मुलीला तिचं माहेर जसंच्या तसं हवंय!

जसंच्या तसं म्हणजे काय, तेही सांगते. वरच्या खोलीत माझं कपाट आहे. त्यात इंजिनिअरिंगची चारही वर्षांची पुस्तकं, ड्राफ्टर आणि बक्षिसांची पितळी ढालपट्टी. माळ्यावर दादाची ट्रंक, फुटका कॅरम बोर्ड, दोन बॅटी. माझ्या लग्नात आलेले तीन डिनर सेट खोक्यासकट तिथेच. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये ते ठेवायला जागा नाही म्हणून. पुण्यातली एक खोली भाड्याने घेऊन मी हे सामान ठेवलं असतं, तर दर महिन्याला पैसे मोजावे लागले असते. कोल्हापुरात ते फुकट राहतं आणि राखणीला दोन म्हातारी माणसं आहेत. याला आपण आठवणी म्हणतो. आपल्याला आठवणी हव्यात, पण त्या झाडायला दुसरं कुणीतरी हवं.

तुम्ही म्हणाल, घर फक्त सामानाचं नसतं. खरं आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या पुढे गेली होती. तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. शाहूपुरीत पाणी शिरलं, महामार्ग बंद पडला, गावात दूध आणि पेट्रोल मिळेना. मामाचं सगळं कुटुंब आमच्याकडे आलं, मागून त्यांचे शेजारी आले. एकूण 14 माणसं नऊ दिवस त्या सहा खोल्यांत होती. आई सकाळी पाच वाजता चुलीसारखा पेटलेला गॅस रात्री अकराला बंद करायची. 2021 मध्ये पुन्हा तेच. मोठ्या घराचं मोठेपण मी डोळ्यांनी पाहिलंय. लहान फ्लॅटमध्ये 14 माणसं मावत नाहीत.

घर विकू नये याला मला पटणारं हे एकच कारण आहे. पण लक्षात घ्या, हे कारण आईचं आहे. राबली ती. उद्या ती म्हणाली, "पुन्हा पूर आला तर भावाला कुठं ठेवू? मला नाही जायचं इथून," तर तिथेच विषय संपला पाहिजे. मग आम्ही गुमान गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून द्यावं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावावा आणि पैसे पाठवताना उपकाराचा सूर काढू नये. त्या पुराच्या नऊ दिवसांत एकदाही भांडं न घासलेल्या माझ्यासारखीने "आपलं घर सगळ्यांना सामावून घेतं" असं स्टेटस ठेवायचं आणि त्या जोरावर घर राखायला लावायचं, हे चालणार नाही.

काही जण याच्या उलट टोकाला असतात. त्यांना घर विकायची भलती घाई. "विका ते आणि या इकडे पुण्याला, आमच्या सोसायटीतच वन बीएचके बघू." ऐकायला किती प्रेमळ! यातला निम्मा हिशेब पाळणाघराच्या फीचा असतो, हे आपण आपल्याशी तरी कबूल करू. पप्पा रोज सकाळी कळंबा तलावावर फिरायला जातात. तिथे फौंड्रीतले त्यांचे जुने चार सोबती भेटतात. त्यांतला एक जण दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात बाकीचे हजर असतात. औषधाच्या दुकानदाराला आईच्या बीपीच्या गोळीचं नाव पाठ आहे. भाजीवाली फाटकातून हाक मारते आणि पैसे उद्या दिले तरी चालतात. डॉक्टर गरज पडली तर घरी येतात. हे सगळं सोडून पुण्यात अकराव्या मजल्यावर यायचं. तिथे लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव विचारायलाही लोक कचरतात. दिवसभर नातवाची बाटली आणि संध्याकाळी गेटपाशी दोन फेऱ्या. पुणे कोल्हापूरहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. सत्तरीत ते अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. घर लहान केलं तरी चालतं. गाव बदललं तर माणूसच लहान होतो.

म्हणून माझं म्हणणं असं: लहान घर त्याच भागात, त्याच माणसांत, आणि त्यांनी ठरवलं तरच.

तिसरा सल्ला नातेवाइकांचा असतो. "विकू नका, डेव्हलपमेंटला द्या. बिल्डर दोन फ्लॅट देईल." देईलही. पण बांधकाम पुरं होईपर्यंत दोन-तीन वर्षं सत्तरीतल्या माणसांनी भाड्याच्या घरात काढायची आणि काम रखडलं तर आणखी काढायची. दोन फ्लॅटपैकी दुसरा कुणासाठी असतो, हेही विचारा. मुलांसाठीच. म्हणजे गैरसोय त्यांची आणि फ्लॅट आपला. "कोल्हापुरात रेट वाढतायत, थांबा" म्हणणाऱ्यांचंही तेच. रेट वाढतात तसे गुडघेही झिजतात. वाढलेला रेट शेवटी वारसांच्या खात्यावर जमा होतो, झिजलेले गुडघे मात्र त्यांचे त्यांच्याकडेच राहतात.

भावनेपेक्षा आकड्यांची मदत करायची असेल, तर ती जरूर करा. तिथे आपल्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग आहे. घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं, तर त्यात गुंतलेल्या रकमेवर कर लागत नाही. लहान घर घेतलं की उरलेल्या नफ्यावर तो लागू शकतो. त्यासाठी सरकारी कंपन्यांचे कर वाचवणारे बाँड आहेत: सहा महिन्यांच्या आत घ्यायचे, 50 लाखांपर्यंत, पैसे पाच वर्षं अडकतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2 टक्के दराने त्याचं व्याज दर तिमाहीला 61,500 रुपये होतं, म्हणजे महिन्याला 20,500. त्यावर कर किती बसेल ते सीएला विचारा, पण हा आकडा 2,840 च्या शेजारी लिहून बघा. पप्पांना रंगाचे पैसे मागायला लागणार नाहीत. उलट दिवाळीला तेच नातवाच्या हातात काहीतरी ठेवतील. माझ्या मते हा सगळा वाद या एका गोष्टीसाठी आहे.

फ्लॅट बघताना एक कोल्हापुरी पेच येतो. गुडघ्यांसाठी तळमजला हवा आणि पुरासाठी वरचा. गावातल्या कितीतरी जुन्या तीन मजली अपार्टमेंटना लिफ्टच नाही. म्हणून जाहिरातीतलं स्विमिंग पूल बघू नका. 2019 आणि 2021 मध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नवं घर त्यांच्याच नावावर होऊ दे. "पप्पा, माझ्या नावावर घ्या, पुढे कटकट नको," असं म्हणणारा मुलगा वाईटच असतो असं नाही, पण तो मागणी वाईट करतो. कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आलं. आप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होतात, जे होतं ते मुलांना वाटून टाकतात आणि मग छपरासाठी दारोदार होतात. नाटक बघून आपण मुलांना शिव्या देतो आणि डोळे पुसत घरी येतो. पण सुनेचा स्वभाव कसाही असला, तरी आप्पांच्या नावावर दोन खोल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्यावर एक उपाय आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, मुलांनी सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण ती अट कागदावर असली तर बळ येतं, आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध प्रांत कचेरीची पायरी किती आई-बाप चढतील? त्यापेक्षा घर त्यांच्या नावावर, मृत्युपत्र त्यांच्या मनासारखं. आपण ते न वाचलेलं बरं.

या सगळ्यात आपलं काम काय मग? मत मागितलं तर द्यावं. नाही मागितलं तर देऊ नये. पण एक काम न मागता करायचं असतं. ते मी या मे महिन्यात केलं.

शनिवारी सकाळी कोल्हापुरात उतरले आणि चहा घेऊन थेट वर गेले. कपाट रिकामं केलं. चार वर्षांची पुस्तकं दोन पोत्यांत भरली. रद्दीवाल्याने वजन करून जे पैसे दिले, ते बघून आई हसली, "एवढ्यासाठी पंधरा वर्षं पुसत होते होय मी?" डिनर सेट शेजारच्या मुलीच्या लग्नात गेले. दादाला ट्रंकेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'दिवाळीच्या आत घेऊन जा, नाहीतर रद्दीवाला येणार आहे.' तो दोन दिवस रुसला. मग म्हणाला, बॅटी तेवढ्या ठेव. बॅटी पुण्याला माझ्या दारामागे उभ्या आहेत.

रविवारी संध्याकाळी पप्पा वर आले. रिकामी खोली दारातूनच बघत उभे राहिले. मला वाटलं आता विचारतील, हे कशाला केलंस. त्यांनी खिडकी उघडली, बंद केली आणि खाली जाता जाता म्हणाले, "उद्या जायच्या आधी अर्धा तास आहे का? कळंब्याच्या रस्त्याला एक तळमजला आहे. आईनं बघितलाय. तू फक्त बघ. मत नको देऊ."