पोटगी, पंच आणि प्रवासखर्च

संसार मोडण्याला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. यांपैकी फारकत हा शब्द मला नेहमी विचार करायला लावतो. त्याचे जुने रूप फारखती. आणि फारखती म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब चुकता झाल्याचा लेखी कागद. सावकाराने कुळाला द्यावयाचा तोच शब्द नवराबायकोच्या विलगतेलाही लागू झाला, यात आपल्या पूर्वजांचा व्यवहारीपणा दिसतो. मन तुटले तरी हिशेब उरतोच, हे त्यांना ठाऊक होते. आज घरोघरी या विषयाची कुजबुज होते ती मात्र दोष कोणाचा एवढ्यापुरतीच. हिशेबाचे बोलणे निघाले की वडीलधारी मंडळी खाली पाहू लागतात. म्हणून या महिन्यात मुद्दाम त्या हिशेबाविषयीच लिहावयाचे ठरविले आहे.

आपण मंठाळ, बसवकल्याण, भालकी, औराद, हुमनाबाद या भागांतील मराठी माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचा जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. आजही आपल्या लेकी निलंग्याला, उमरग्याला, लातुरास, सोलापुरास दिलेल्या असतात आणि तिकडच्या सुना आपल्याकडे नांदतात. नांदणे सुरळीत असेपर्यंत ही रेघ कोणाच्या लक्षातही येत नाही. लेक दोन मुले घेऊन माहेरी परतली, की मग ती रेघ भिंतीसारखी उभी राहते.

एक उदाहरण घेऊ. सासर निलंगा तालुक्यात, माहेर मंठाळ. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज निलंग्याच्या बाजूला केला. कायद्याने त्याला तसा अधिकार आहे, कारण उभयतांचा शेवटचा एकत्र वास तेथेच झाला. आता या बाईला तो दावा बसवकल्याणास हलवून हवा असेल तर? दोन्ही गावे एका राज्यात असती तर उच्च न्यायालयापर्यंत जाऊन काम भागले असते. पण एका राज्यातील दिवाणी दावा दुसऱ्या राज्यात हलविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाचा आहे. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरासाठी दिल्लीचा दरवाजा ठोठवावयाचा! याउलट, पत्नीने स्वतः अर्ज करावयाचा असेल तर २००३ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्याने तिला ती जेथे राहते तेथेच अर्ज करण्याची मुभा दिली आहे. पोटगीचा अर्जही ती आपल्या राहत्या ठिकाणी करू शकते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक माहेरची माणसे वर्ष वर्ष हातावर हात ठेवून बसतात आणि तिकडून नोटीस आली की मग धावपळ करतात.

दिल्लीस जावे लागू नये आणि तारखांचा फेरा चुकावा, यासाठी मध्यस्थीचा मार्ग आहे. पंच बसवून तंटा तोडणे आपल्याला नवे नाही. पण आपल्या गावकीच्या पंचांत आणि न्यायालयाच्या मध्यस्थात मोठा फरक आहे. पंच निवाडा सांगतात. मध्यस्थ निवाडा सांगत नाही. तो दोघांचे ऐकतो, वेगवेगळे बसवून ऐकतो आणि दोघांना मान्य होईल ते कागदावर उतरवितो. तेथे बोललेले पुढे न्यायालयात पुराव्यादाखल वापरता येत नाही. मान्य झाले नाही तर दावा होता तेथून पुढे चालू होतो. जातीच्या पंचांनी बाईला उठवून लावावे आणि दंडाची रक्कम भलत्याच्याच खिशात जावी, असले प्रकार आपण ऐकलेले आहेत. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. तेव्हा जुन्या पंचायतीचे गोडवे गाण्यात मला स्वारस्य नाही.

कर्नाटकात बेंगळूरचे मध्यस्थी केंद्र २००७ च्या आरंभी सुरू झाले आणि नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ही व्यवस्था पसरली. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्यच ठरविले आहे. न्यायालयाने मध्यस्थाकडे पाठविलेल्या प्रकरणात पक्षकाराकडून मध्यस्थाची फी घेतली जात नाही. त्याचे मानधन शासन देते. हे पहिले अर्थसाहाय्य. दुसरे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि कोणत्याही बालकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषांनाही तो मिळतो. इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. बाप गरीब असेल तर त्यानेही संकोच करू नये. मोफत वकील ही केवळ बायकांची सवलत आहे, हा समज चुकीचा आहे. वकिलाखेरीज न्यायालयाची फी, नोटीस बजावणीचा खर्च, नकला, कागदपत्रांचे भाषांतर हेही या साहाय्यात येते. आपल्या दृष्टीने भाषांतराची बाब फार मोलाची. सासरचे सातबारे, शाळेचे दाखले, लग्नाचे कागद सारे मराठीत आणि येथील कोर्टाचे कामकाज कन्नड व इंग्रजीत! बसवकल्याणच्या न्यायालयातील तालुका समितीकडे साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी माहिती मिळते.

तिसरे साहाय्य नवराबायकोने एकमेकांस देण्याचे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमान्वये दावा चालू असताना निर्वाहासाठी आणि दाव्याच्या खर्चासाठी रक्कम मागता येते, आणि ती दोघांपैकी ज्याला उत्पन्न नाही त्याने मागावी. फौजदारी संहितेतील १२५ व्या कलमाची पोटगी आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १४४ व्या कलमात आली आहे. त्या पोटगीला पूर्वी महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली गेली. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीचा आणि खर्चाचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे ठरविले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका दांपत्याच्या प्रकरणात दोघांनीही आपल्या मिळकतीचे आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा दंडक घालून दिला. मध्यस्थीला बसतानाही हे प्रतिज्ञापत्र हाताशी असावे. उत्पन्न लपवून केलेली तडजोड पहिल्याच दिवाळीला मोडते.

आता अर्थसाहाय्याची जी उणीव मला सतत बोचते ती सांगतो. वकील फुकट, मध्यस्थ फुकट. पण तेथवर जावयाचे कसे? रोजंदारीची बाई एका तारखेला एक दिवसाचा रोज बुडविते, मुलाला शेजारणीकडे ठेवते आणि एस.टी.च्या फलाटावर उभी राहते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.चे निम्मे भाडे आहे. कानाला गोड वाटते. पण इकडची सवलत कर्नाटकच्या रहिवासी स्त्रीला आहे, आणि आपल्या परतलेल्या लेकीच्या आधारपत्रावर पत्ता सासरचा असतो! शिधापत्रिकेचेही तेच. नाव सासरच्या पत्रिकेवर; म्हणून कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळणारे गृहलक्ष्मीचे २००० रुपये नाहीत. घटस्फोटितांसाठी येथे ‘मनस्विनी’ नावाचे निवृत्तिवेतन आहे, परंतु ते वयाच्या चाळिशीनंतर. पंचविशीतील, कडेवर मूल असलेल्या बाईने चाळिशीची वाट पाहावी काय? महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रीचाही विचार होतो. तेवढी उदारता येथे यावयास हवी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२१ पासून एक योजना निघाली. मुलांच्या ताब्याविषयी मध्यस्थीला बसणाऱ्या कुटुंबाला सरकार ५०० पौंडांपर्यंत खर्च देते आणि तो थेट मध्यस्थाला पोचतो. कारण तेथे मध्यस्थाला फी मोजावी लागते. आपल्याकडे फीचा प्रश्न नाही. येथे तशी चिठ्ठी काढावयाची तर ती बसभाड्याची आणि बुडालेल्या रोजाची काढली पाहिजे. सीमावर्ती जिल्ह्यांपुरता असा लहानसा निधी दोन्ही राज्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी मिळून उभारणे काही अशक्य नाही.

तडजोडीच्या कागदात काय असावे, याबद्दल शाळामास्तर म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. ‘मुलांचा खर्च बाप करील’ एवढेच लिहिलेले कागद निरुपयोगी. किती, कोणत्या तारखेस, कोणत्या बँकखात्यात, दरवर्षी किती वाढ, आजारपण कोणाकडे, वह्या-पुस्तके व गणवेश कोणाकडे, हे नाव घालून लिहावे. बाप शेतकरी असेल तर महिन्याच्या हप्त्याचा हट्ट धरू नये. सोयाबीन निघाल्यावर एक आणि तूर विकल्यावर एक असे दोन मोठे हप्ते त्याला झेपतात आणि प्रत्यक्षात हाती येतात. बाप पुण्याला किंवा हैदराबादला कामाला असेल तर मात्र महिन्याचाच हप्ता बरा. स्त्रीधनाची यादी वेगळी करावी. ते पोटगीत वळते करून घेण्याची चलाखी पुष्कळदा होते. आणि आईने संतापून ‘मला काही नको’ असे लिहून दिले, तरी मुलांचा हक्क त्याने बुडत नाही.

मारहाणीचे भय असेल तेथे मात्र समोरासमोर बसण्याचा आग्रह कोणी धरू नये. तेथे आधी २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. मामा-काकांनी ‘चार दिवस नांदून तर पाहा’ म्हणत मुलीला परत गाडीत बसविणे, याला मध्यस्थी म्हणत नाहीत.

राहता राहिली शाळा. पुष्कळ माता जूनमध्ये दारात उभ्या राहतात आणि अपराध्यासारख्या म्हणतात, ‘गुरुजी, त्याच्या बापाची सही नाही.’ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे बदलीचा दाखला उशिरा आला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलालाही हाच नियम आहे. मुलाला आधी वर्गात बसवावे. दाखला मागाहून येतो. आपल्या भागातील मराठी माध्यमाच्या शाळांत तिकडून आलेल्या मुलाला अडते ते कन्नड, आणि तेवढ्यासाठी पहिले तीन-चार महिने शिक्षकाने त्याला जवळच्या बाकावर घ्यावे. तडजोडीच्या कागदात सुट्यांचे दिवस लिहिताना दोन्ही राज्यांच्या सुट्या वेगळ्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. येथे दसऱ्याची सुटी मोठी, तिकडे दिवाळीची. ‘सुटीत मूल बापाकडे’ एवढेच लिहिले तर त्यावरूनच पुढच्या वर्षी नवा तंटा उभा राहतो.