मावशीचा निरोप

२०१८ च्या जून महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवून जरा डोळा लागतो न लागतो तोच मोबाईल वाजला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशीने एक व्हिडिओ पाठवला होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या एका पोराला उचलतात आणि पसार होतात. खाली मजकूर : मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. मावशीने स्वतःचेही चार शब्द जोडले होते, ‘चिनूला एकटं खाली सोडू नका रे.’

मी पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस. बातमी कोणी दिली, कुठली, कधीची, हे विचारल्याशिवाय एक ओळही छापू नये, असे शिकलेला. मी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो!

दुसऱ्या दिवशी चादरी-सतरंज्या विकणारा एक फेरीवाला आला. वर्षानुवर्षे येणारा. त्याला फाटकाशीच अडवले गेले. दोघा-तिघांनी त्याचे गाठोडे सोडायला लावले. त्याने ते निमूटपणे पुन्हा बांधले आणि तो गेला.

तो व्हिडिओ कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी तो मुद्दाम तयार केला होता. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात. तेवढाच भाग कोणीतरी कापला आणि उरलेला व्हिडिओ त्या वर्षी भारतातल्या अनेक राज्यांत फिरला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण भिक्षा मागत तिथे आले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या भागात आधीच पोहोचल्या होत्या. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच मारले. पाचही जण गेले.

त्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. तिथे एका रहिवाशाने त्या लोकांना घरात घेऊन दार लावले. पोलीस येईपर्यंत दार टिकले, माणसे वाचली. अफवा तीच, मोबाईलही तसेच.

म्हणूनच ‘या मोबाईलने समाज बिघडवला’ हे वाक्य मला अर्धेच पटते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता सकाळी दिल्लीत उठली आणि संध्याकाळपर्यंत देशभर पोहोचली, तेव्हा कोणाच्या खिशात इंटरनेट होते? त्याहीपूर्वी, १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी अफवा गोळा केल्या होत्या. जिथे हादरा जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही आणखी मोठे संकट येणार अशा वावड्या उठल्या होत्या. भीती आधीच मनात असते, अफवा तिला कारण पुरवते, असा त्याचा अर्थ पुढच्या अभ्यासकांनी लावला. भटक्यांविषयीची भीती तर आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीची. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. नजर मात्र तितक्या लवकर गेली नाही.

मग नवीन काय? माझ्या मते, निरोपाचा चेहरा. वर्तमानपत्राच्या पानावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता कायद्याने छापावा लागतो. चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे वाचकाला कळते. मोबाईलवरच्या मजकुराला असा पत्ता नसतो, पण वर नाव मात्र मावशीचे असते. कुण्या परक्याने कापलेली चित्रफीत मावशीच्या मायेत गुंडाळून येते. मावशीवर कसा संशय घ्यायचा?

राईनपाड्यानंतर कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे आलेल्या मजकुरावर तशी खूणही येऊ लागली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. गंमत अशी, की जुलै २०१८ मध्ये खोट्या निरोपांपासून सावध कसे राहावे, हे सांगायला कंपनीने जाहिराती दिल्या त्या वर्तमानपत्रांत! पण पाच घरांत पंचवीस-पंचवीस माणसे असली तर सव्वाशे झाली की. आणि प्रत्येकाची मावशी वेगळी.

सतरंजीवाला पुढच्या वर्षी आला नाही. त्याची वाट कोणी पाहिली, असेही नाही. मी मावशीला राईनपाड्याची बातमी वाचून दाखवली, कराचीचेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. ‘अरे, पण मी काळजीनंच पाठवलं होतं.’

हल्ली काही आले की ती आधी मला विचारते, ‘हे खरं का रे?’ गेल्या आठवड्यात कामात होतो, उत्तर द्यायला तासभर उशीर झाला. तोवर तिने ते पाचजणींना पाठवले होते.